कॅनचा टागो मागो आणि टेप कापणारा बेसवाला

स्पूलवाला

मंडळी, हे बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज रविवार मोकळा मिळाला म्हणून बसलोय. लांब होईल, सांभाळून घ्या.

कॅन हा जर्मनीतल्या कोलोनचा रॉक बँड, १९६८ला सुरू झाला. त्यांचा टागो मागो हा डबल अल्बम १९७१ला आला, ७ गाणी, ७३ मिनिटं. मी तो पहिल्यांदा ऐकला चार वर्षांपूर्वी, भाच्याच्या हेडफोनवर. हालेलुवा नावाचं साडेअठरा मिनिटांचं गाणं चालू होतं आणि मी एकदम ताठ बसलो, कारण मला जोड ऐकू आला. टेपचा जोड. ज्याने हाताने हजारो जोड लावलेत त्याला तो कळतोच. खोलीची हवा बदलते, झांजेचा नाद अर्ध्यावर तुटतो, आणि ठेका मात्र काही झालंच नाही असा पुढे जात राहतो.

मी आकाशवाणीत टेप कापायचो. नव्या मुलांसाठी सांगतो, पाव इंच रुंदीची टेप, दोन्ही रीळं हाताने मागेपुढे हलवायची, आवाज हेडवर कुठे सुरू होतो ते कानाने शोधायचं, तिथे पिवळ्या पेन्सिलीने खूण, मग टेप धातूच्या खाचेत बसवून ब्लेडने ४५ अंशात तिरकी कापायची, दुसरं टोक आणून भिडवायचं आणि मागच्या बाजूने चिकटपट्टी. तिरकी का, तर सरळ कापली की जोडावर टक्क वाजतं, तिरकी कापली की एक आवाज दुसऱ्यात सरकतो. चुकलं तर परत जोडता येतं पण दोनतीनदा चुकलात की तो तुकडा गेलाच समजा.

कॅनचा बेसवाला होल्गर चुकाय हेच करत होता. तो आणि कीबोर्डवाला इर्मिन श्मिट दोघंही श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराचे विद्यार्थी, आणि श्टॉकहाउझेन म्हणजे कोलोन रेडिओचा इलेक्ट्रॉनिक स्टुडिओ. पन्नाशीच्या दशकात तिथे टेपचे बारीक बारीक तुकडे जोडून संगीत बनवत होते. चुकायने त्याच स्टुडिओत रात्री बसून व्हिएतनामी गाण्यांच्या टेपचे लूप, म्हणजे तोच तुकडा परत परत फिरवत, करून एक रेकॉर्ड बनवली होती, ती १९६९ला आली. म्हणजे टागो मागोच्या आधीच या माणसाचा हात ब्लेडवर बसलेला होता. या अल्बमबद्दल लोक गूढ, भारलेलं, नशेतलं असं काय काय लिहितात. मला त्यात रेडिओच्या एडिटिंग रूमचं पोर दिसतं.

आता रेकॉर्डिंग. नोव्हेंबर १९७० ते फेब्रुवारी १९७१, कोलोनजवळच्या नोर्वेनिश नावाच्या गावातल्या किल्ल्यात. क्रिस्टोफ फोविंकल नावाच्या कलासंग्राहकाने यांना तिथे भाडं न घेता राहू दिलं होतं. स्टुडिओ असा नाहीच, खोलीत वाद्यं लावलेली, मोजके माइक, आणि दोन ट्रॅकचं टेप मशीन. दोन ट्रॅक म्हणजे डावा आणि उजवा, बस. बीटल्सनी १९६९ला ॲबी रोड ८ ट्रॅकवर केला होता, त्यामानाने हे काय हे बघा. ८ ट्रॅकवर ड्रम मोठा झाला तर नंतर कमी करता येतो. दोन ट्रॅकवर सगळं एकदम छापलं जातं, नंतर काहीही हलत नाही. गिटारवाल्याला स्वतःच हळू वाजवावं लागतं. गाणाऱ्याला मागे सरकावं लागतं. मिक्सिंग जे काय आहे ते माणसांनी वाजवताना एकमेकांकडे कान देऊन केलंय.

ते तासन्‌तास वाजवायचे, चुकाय टेप चालू ठेवायचा आणि मग त्यातून गाणं कापून काढायचा. पहिल्या अल्बमवरचं यू डू राइट असंच, कित्येक तासांच्या वादनातून उरलेली २० मिनिटं.

कोणी ऐकलाय का? बोला.

रानजाई

मस्त लिहिलंय काका. मी ऐकलेला नाही, क्राफ्टवेर्कच्या पलीकडे माझी जर्मनी संपते. दोन शंका. एक, दोनच ट्रॅक असतील तर नंतर एखादं वाद्य वरून घालायचं असेल तर? की घालायचंच नाही? आणि दुसरं, लोक कॉम्प्युटरवर आता लूप करतात तेच हे आहे का, की वेगळं? कुठल्या गाण्यापासून सुरुवात करू तेही सांगा, एकदम १८ मिनिटांचं झेपायचं नाही.

स्पूलवाला

@रानजाई, वरून घालता येतं. पहिल्या मशीनवरची टेप वाजवायची, तिच्याबरोबर खोलीत नवीन वाद्य वाजवायचं, दोन्ही मिळून दुसऱ्या मशीनवर घ्यायचं. कॅन हे करत होते. पण दर खेपेला टेपचा स्स्स आवाज वाढतो, आधीचं किंचित बोथट होतं, म्हणून दहादा विचार करूनच करायचं. मशरूमपासून सुरू कर, चारच मिनिटांचं आहे. ते एका स्फोटावर संपतं आणि पुढचं ओ येह स्फोटाने आणि पावसाने सुरू होतं, म्हणून दोन्ही सलग ऐक. लूपबद्दल विलंबित लिहील तर बरं, तो तबल्याचा माणूस आहे.

विलंबित

बोलावलंत म्हणून आलो, नाहीतरी येणारच होतो. याकी लीबेत्साइट या ड्रमरबद्दल मी तासभर बोलू शकतो.

लूप नाही हो. लूप म्हणजे एक आवर्तन छापलं आणि तेच परत परत. लीबेत्साइट साडेअठरा मिनिटं प्रत्येक आवर्तन हाताने वाजवतोय, आणि नीट कान दिला तर दर वेळी कुठेतरी एखादा बारीक फरक आहे, डाव्या हाताचे ते हलके आघात कधी एक जास्त, कधी दाबलेला. आपल्याकडे चांगला साथीदार विलंबितात ठेका कसा भरतो, तसं. ठेका तोच राहतो पण मेलेला नसतो.

याची मागची गोष्ट अशी की हा माणूस फ्री जॅझमधून आलेला. मानफ्रेड शूफच्या ग्रुपमध्ये होता, जिथे ठेका धरणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. त्याला त्या स्वातंत्र्याचाच कंटाळा आला. तो स्वतः सांगायचा की एकदा कार्यक्रमानंतर एक जण त्याच्याकडे आला आणि म्हणाला तू एकसुरी वाजव. ते त्याला पटलं. तिशीच्या माणसाने आपली सगळी तयारी बाजूला ठेवून ठेका धरायचं ठरवणं ही साधी गोष्ट नाही, आमच्या क्षेत्रात तर मुलांना आधी तुकडेच वाजवायचे असतात, ठेका म्हणजे त्यांना शिक्षा वाटते.

आणि काका, तुमच्या ब्लेडचा मुद्दा इथेच येऊन मिळतो बघा. लय चढली असती तर तुमच्या चुकायला काही कापता आलं असतं का? तिसऱ्या मिनिटाचा तुकडा तेराव्या मिनिटाला जोडायचा तर दोन्हीकडची लय तंतोतंत एकच पाहिजे, नाहीतर समेवर ठेच लागणार. ड्रमर असा होता म्हणून एडिट शक्य झालं.

स्पूलवाला

अरे वा. हे मी इतकं स्पष्ट मांडलं नव्हतं, पण अगदी हेच. भाषणं कापताना आम्ही श्वासावर कापायचो. गाणं कापायची वेळ आली की घाम फुटायचा, कारण समेची जागा टेपवर दिसत नाही, फक्त कानाला कळते आणि गायक लय वाढवत नेणारा असला की जोड लागतच नाही. हिशेब सांगतो. ३८च्या स्पीडला, म्हणजे सेकंदाला ३८ सेंटिमीटर, साडेअठरा मिनिटं म्हणजे जवळजवळ ४२५ मीटर टेप होते. दोन सेंटिमीटर चुकलात तर सेकंदाचा विसावा भाग चुकला, आणि तेवढं ठेक्यात कोणालाही जाणवतं, त्याला संगीत कळायलाच पाहिजे असं नाही. आणि तिरक्या कापाची अजून एक गंमत, डावा-उजवा ट्रॅक टेपवर एकाखाली एक असल्यामुळे एक बाजू दुसरीच्या किंचित आधी बदलते, सेकंदाच्या शंभराव्या भागाने वगैरे. म्हणून हेडफोनवर जोड एका कानाकडून दुसरीकडे सरकल्यासारखा भासतो कधीकधी.

राईनकाठ

मी ड्युरेनजवळ राहतो, नोकरीसाठी आलो त्याला आता नऊ वर्षं झाली. नोर्वेनिश इथून जवळ आहे, दोनदा जाऊन आलोय. एक दुरुस्ती करतो, किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजगड येतो, हे तसं नाही. सपाट शेतीच्या मुलखात एका सरदार घराण्याची जुनी गढी आहे, आपल्याकडे गावात निंबाळकर-घोरपड्यांच्या असायच्या तशी. बीटाची शेतं, गव्हाची शेतं, मध्येच ती. बाहेर कॅनबद्दल काहीच सापडलं नाही मला, नंतरच्या काळात तिथे आर्नो ब्रेकरचं म्युझियम झालं, तोच शिल्पकार जो नाझी काळात सरकारच्या मर्जीतला होता. ज्या खोल्यांत एक जपानी मुलगा, दोन श्टॉकहाउझेनचे चेले आणि एक फ्री जॅझवाला मिळून हे वाजवत होते तिथे त्याचे पुतळे, हे मला आत फिरताना फार खुपलं.

आणि एक गोष्ट पुस्तकी माहितीत कोणी लिहीत नाही. गावाला लागूनच हवाई दलाचा तळ आहे. आज युरोफायटर उडतात, बोलता बोलता थांबावं लागतं इतका आवाज. त्या काळी स्टारफायटर होते. यांनी रेकॉर्डिंग केलं त्या हिवाळ्यात डोक्यावरून ती विमानं जात असणार. युद्ध संपून २५ वर्षं झालेली. चुकाय स्वतः डान्झिगचा (आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क), १९३८चा जन्म, लहानपणी कुटुंबाबरोबर निर्वासित होऊन आलेला. मशरूममधला तो स्फोट ऐकताना मला हे सगळं आठवतं. गाणारा जपानी, गाण्याचं नाव मशरूम, शेवटी स्फोट. कोणी काही म्हणो, मी त्याचा एकच अर्थ लावतो.

बेस_नाशिक

धागा छान, पण थोडं विरोधात लिहितो. पहिली रेकॉर्ड मान्य, हालेलुवा तर आमच्या ग्रुपने प्रॅक्टिसला वाजवून बघितलंय, बेसची ओळ कागदावर दोन मिनिटांत बसते आणि वाजवायला घेतली की हात दुखून येतात कारण कुठेच सोडायची नाही. पण दुसरी रेकॉर्ड? आउम्गन साडेसतरा मिनिटं, पेकिंग ओ साडेअकरा. नुसतं घुमणं, किंचाळणं, मशीनचा टकटकाट. एका डिस्कचा अल्बम असता तर जगातला सगळ्यात घट्ट रॉक अल्बम झाला असता. मला वाटतं माल जास्त होता म्हणून भरलाय.

स्पूलवाला

@बेस_नाशिक, तुझं म्हणणं त्या वेळी बँडमध्येही होतं. एकाच डिस्कचा करू असाच विचार होता. ज्यांनी हट्ट धरला त्या हिल्डेगार्ड श्मिट, इर्मिनची बायको आणि बँडची मॅनेजर. त्या म्हणाल्या हे दुसरं पण गेलंच पाहिजे, आणि युनायटेड आर्टिस्ट्सकडून डबल काढून घेतला. बँडच्या इतिहासात या बाईंचं नाव वाजवणाऱ्यांच्या खाली बारीक अक्षरात येतं, मला ते योग्य वाटत नाही. त्या नसत्या तर तुझ्या मनातलाच अल्बम निघाला असता.

आणि दुसऱ्या डिस्कचा माल भरणीचा नाही. चुकायची एक सवय होती, काही बिघडलं, मशीन दुरुस्त होईपर्यंत बाकीचे आपल्याच नादात काहीतरी वाजवत बसायचे, तेव्हा हा गुपचूप टेप चालू ठेवायचा. मधल्या वेळेचं रेकॉर्डिंग. कोणाला माहीत नाही आपण टेपवर जातोय, त्यामुळे कोणी दाखवायला वाजवत नाही. आमच्या रेडिओतही मोठ्या गायकांचं सगळ्यात सुंदर गाणं लाल दिवा लागायच्या आधी, तंबोरा जुळवताना व्हायचं, आणि ते कोणी ठेवलं नाही. मी पण ठेवलं नाही. याची खंत आहे मला, म्हणून त्या माणसाबद्दल इतकं वाटतं.

रानजाई

काका, तो शेवटचा परिच्छेद वाचून गप्पच झाले.

आउम्गन म्हणजे ओम का? स्पेलिंग बघून शंका आली.

विलंबित

हो, ॐच. इंग्रज गूढवादी ॲलिस्टर क्राउलीने ओमचं आपल्या पद्धतीने वाढवून आउम्गन केलं होतं, नाव तिथून. गाण्यात बँडचा गायक डामो सुझुकी गात नाही, इर्मिन श्मिटच लांबलचक घुमवतो. मी आधी वैतागलो होतो, आपला ओम घेऊन हे काय करताहेत म्हणून. दोनतीनदा ऐकल्यावर राग गेला. तो उच्चार भक्तीचा नाहीच, घशातून आवाज किती खाली आणि किती लांब नेता येतो ते बघतोय माणूस. साधना म्हणून नका ऐकू, खर्ज म्हणून ऐका.

बेस_नाशिक

खर्ज म्हणून ऐकायचा सल्ला घेतो. आज रात्री परत लावतो. हिल्डेगार्ड बाईंचं मला माहीत नव्हतं, धन्यवाद.

कोबेचा_पाऊस

डामो सुझुकीवर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी जपानीची शिक्षिका आहे, त्यामुळे या बँडकडे उलट्या बाजूने आले.

डामोचा जन्म १९५०चा, किशोरवयातच जपान सोडून युरोपभर भटकत, रस्त्यावर गात पोट भरणारा मुलगा. कॅनचा आधीचा गायक अमेरिकन, माल्कम मूनी, तो चित्रकार-शिल्पकार, मानसिक त्रासामुळे परत गेला. मे १९७०, म्युनिक. चुकाय आणि लीबेत्साइट एका कॅफेबाहेर बसलेले, समोर रस्त्यावर हा मुलगा मोठमोठ्याने काहीतरी गातोय. चुकायने जाऊन विचारलं, आज रात्री आमच्याबरोबर गाशील का. तालीम नाही, काही नाही. त्याच रात्री ब्लो अप नावाच्या क्लबात तो स्टेजवर उभा राहिला.

टागो मागो झाला तेव्हा तो २०-२१ वर्षांचा, गिटारवाला कारोली २२चा, बाकी तिघं तिशी ओलांडलेले. हे वयाचं अंतर मला अल्बममध्ये ऐकू येतं. तिघं मुरलेले आहेत म्हणून पोराला हवं तिथे जाता येतं.

ओ येहमध्ये सुरुवातीचे शब्द तुम्हाला कळत नाहीत कारण टेप उलटी फिरवलीय, आणि मग पुढे तो सरळ जपानीत गातो. मी विद्यार्थ्यांना ऐकवलं तर पहिला अर्धा भाग ऐकून मुलं म्हणाली ही पण जपानीच का. आणि पेकिंग ओमध्ये तर कुठलीच भाषा नाही, नुसती जीभ. लोकांना वाटतं त्याला इंग्रजी येत नव्हतं म्हणून. मला ते पटत नाही. ज्याला चार देशांत रस्त्यावर उभं राहून अनोळखी माणसाला थांबवायचं आहे तो शब्दांच्या भरवशावर राहत नाही. नंतर आयुष्यभर त्याने तेच केलं, जगभर फिरायचा, ज्या गावी जाईल तिथल्या वादकांना घेऊन तालमीशिवाय गायचा. फेब्रुवारी २०२४मध्ये गेला. त्या दिवशी मी वर्गात मशरूम लावलं होतं.

राईनकाठ

फार सुंदर लिहिलंत.

अवांतर: कारोली २००१ला गेला, लीबेत्साइट जानेवारी २०१७, चुकाय त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. पाचांपैकी आता इर्मिन श्मिट एकटे आहेत. टागो मागोनंतर डिसेंबर १९७१मध्ये यांनी गढी सोडली आणि वायलर्सविस्ट गावातलं एक जुनं थिएटर घेतलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लष्कराच्या १५०० गाद्या ठोकल्या. तो स्टुडिओ पुढे सगळाच्या सगळा उचलून ग्रोनाऊच्या रॉक-पॉप म्युझियममध्ये नेला, गाद्यांसकट. चुकाय मात्र वायलर्सविस्टलाच राहिला, शेवटपर्यंत.

चिंचपोकळी

वाचतोय. अवांतरात अवांतर, टेपच्या करामतीवरून नॉय या ड्युसेलडॉर्फच्या बँडचा दुसरा अल्बम आठवला, १९७३चा. अर्ध्यातच पैसे संपले तेव्हा त्यांनी आपलीच आधी निघालेली छोटी रेकॉर्ड घेऊन वेगवेगळ्या स्पीडला वाजवून दुसरी बाजू भरली. त्या वेळी शिव्या खाल्ल्या, आता लोक तेच अभ्यासतात. आणि भारताशी खरा संबंध हवा असेल तर म्युनिकचा एम्ब्रियो, १९७८-७९मध्ये बसने जमिनीच्या रस्त्याने भारतापर्यंत आले, वाटेत अफगाणिस्तानात आणि इथे स्थानिक वादकांबरोबर वाजवत. त्यावर वेगळा धागा काढा कोणीतरी.

रानजाई

ऐकला. सांगायला आलेय.

मशरूम आणि ओ येह दोनदा ऐकलं, मग धीर करून हालेलुवा, घरी स्वयंपाक करता करता. पोळ्या लाटत होते आणि लक्षात आलं की लाटण्याचा हात ठेक्यात गेलाय. पोळ्या संपल्या तरी गाणं चालूच, ओट्याशी उभीच राहिले. त्यात तो मध्येच आधीच्या गाण्यांची नावं घेतो ना, मशरूम, पेपरहाउस? ते ऐकून ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. जोड मात्र मला एकही ऐकू आला नाही काका, तीनदा प्रयत्न केला.

आउम्गनला बाहेर पाऊस होता, दिवा घालवून ऐकलं. भीती वाटली. पूर्ण ऐकलं.

स्पूलवाला

@रानजाई, जोड ऐकू आला नाही हेच चुकायचं यश आहे, तू नको शोधूस. मला ऐकू येतात कारण माझा कान तसा झालाय, मी गाणं ऐकायचं सोडून टेप ऐकतो, त्यात काही मोठेपणा नाही.

विलंबित

काल क्लासमध्ये एक प्रयोग केला, तो सांगतो. माझा एक विद्यार्थी आहे, सतरा वर्षांचा, कायदे-रेले पाण्यासारखे वाजवतो, तयारी उत्तम. त्याला हालेलुवा लावून दिलं आणि म्हटलं याच्याबरोबर केरव्याच्या अंगाने साधा ठेका धर, शेवटपर्यंत, एकही तुकडा घ्यायचा नाही. सहा मिनिटं छान गेली. मग हात शिवशिवायला लागला ते दिसत होतं. अकराव्या मिनिटाला लय चढली, ड्रमच्या पुढे गेला, स्वतःलाच कळलं आणि थांबला. काही बोलला नाही. म्हणाला सर परत लावा. दुसऱ्यांदा चौदा मिनिटं टिकला. आज सकाळी त्याचा मेसेज होता, पूर्ण झालं म्हणून, घरी, रात्री साडेबाराला.

स्पूलवाला

त्याचं रेकॉर्डिंग कर. फोनवर नको, माझ्याकडे चालू स्थितीतलं मशीन आहे आणि माळ्यावर तीन कोऱ्या टेपा. ब्लॉक आणि ब्लेडही आहेत. तासभर वाजवू दे त्याला, मध्ये थांबला तरी मी टेप बंद करणार नाही. पुढच्या रविवारी येऊ का?

विलंबित

या. दहा वाजता, चहा इथेच घ्या.